पलंगापासून संडासापर्यंतची वाट: जुन्या घरात आई-वडिलांसाठी बदल कोठून सुरू करावेत

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कोणत्या घराबद्दल आहे ते इतर वाचकांनाही कळेल. नागपूरच्या नंदनवन भागात साधारण चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले आपले एकमजली घर आहे. वडील ७८ वर्षांचे आहेत. सात महिन्यांपूर्वी पक्षाघाताने त्यांची डावी बाजू दुर्बल झाली आणि आता ते चार पायांची काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बाहेर नेताना मात्र व्हीलचेअर लागते. आई ७३ वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. संडास व न्हाणीघर मागच्या व्हरांड्यात एक पायरी खाली आहे आणि घराचे जोते अंगणापासून २७ इंच उंच आहे. ठेकेदाराने दर्शनी बाजूने रॅम्प आणि घरभर नवी ग्रॅनाइटची फरशी सुचवली आहे; हाताशी असलेले पैसे त्यावर खर्च करावेत का, असे आपण विचारले आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि गेली चोवीस वर्षे नागपुरात घरदुरुस्तीची कामे करतो. त्यांतील निम्म्याहून अधिक कामे आता वृद्धांच्या आणि दिव्यांगांच्या घरांची असतात. माझे उत्तर असे, की रॅम्प नंतर करावा, ग्रॅनाइट करूच नये, आणि पहिला रुपया वडिलांच्या पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर खर्च करावा. वडील महिन्यातून दोन-चार वेळा घराबाहेर जात असतील, पण संडासाकडे दिवसातून सहा-सात वेळा जातात; त्यांतल्या दोन वेळा रात्रीच्या, झोपेतून उठून, अंधारात आणि घाईत असतात. माझ्या पाहण्यातली बहुतेक पडझड याच वाटेवर झालेली आहे.

मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी आपण एक काम करावे. वडील रात्री उठतील तेव्हा त्यांना न थांबवता मागून चालावे आणि ते जेथे जेथे हात टेकतात तेथे खडूने खूण करावी. भिंतीचा कोपरा, कपाटाची कड, दाराची चौकट, वॉशिंग मशीन, जे असेल ते. मी घर पाहायला जातो तेव्हा भिंतीवरचे हाताचे काळपट डाग आधी शोधतो आणि पाहुणे येणार म्हणून कोणी ते पुसून ठेवले असतील, तर मला वाईट वाटते, कारण आधाराच्या दांड्या कोठे बसवायच्या हे त्या माणसाच्या हातांनी भिंतीवर आधीच दाखवून दिलेले असते. पुस्तकातील मापांपेक्षा मी त्या डागांवर अधिक विश्वास ठेवतो.

वाटेची सुरुवात पलंगापासून होते. काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात किंवा किंचित खाली असले पाहिजेत. बहुतेकांसाठी गादी दबल्यानंतर ही उंची १८ ते २० इंच येते. जुना दिवाण असेल तर तो १४-१५ इंचांचाच असतो आणि त्यावरून उठताना सगळा भार उजव्या हातावर येतो. पायांखाली खाच पाडलेले शिसवी किंवा सागवानी ठोकळे बसवले, तर हे काम एका दुपारी होते. पलंग अशा बाजूने लावावा, की वडील उजव्या, म्हणजे सबळ बाजूने उतरतील. दिव्याचे बटण पडल्या-पडल्या उजव्या हाताला सापडले पाहिजे, आणि त्याचीच दुसरी कळ न्हाणीघराच्या दाराशी असावी. पलंगापासून दारापर्यंत गुडघ्याच्या खाली दोन-तीन मंद एलईडी दिवे लावावेत, जे हालचाल होताच आपोआप लागतात. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, त्यामुळे आपल्याला पुरेसा वाटणारा उजेड त्यांना पुरत नाही. पण छतावरची झगझगीत ट्यूब एकदम लावली, तर डोळे दिपतात आणि नेमकी त्याच क्षणी पायरी चुकते. हे सगळे दिवे इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावेत, कारण मे महिन्यात रात्री लाइट गेल्यावर घामाने जाग येते आणि माणूस उठतोच.

आता व्हरांड्यातली ती पायरी. तिची उंची आपण पाच इंच सांगितली आहे. माणसे मोठ्या पायरीवर सावध असतात आणि अशा एकट्या, बुटक्या, दोन्हीकडे एकाच रंगाची फरशी असलेल्या पायरीवर पडतात. आपले घर तळमजल्यावर असल्यामुळे न्हाणीघराची जमीनच वर उचलता येईल. जुनी फरशी काढून, ट्रॅपची, म्हणजे सांडपाणी आत घेणाऱ्या वाकड्या नळीची, मान वाढवून, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून ती व्हरांड्याच्या पातळीला आणावी आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराच्या आत आडवी नाली व तिच्यावर स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी. मिस्त्री हमखास सांगतील, की बाथरूम खालीच असले पाहिजे, नाहीतर पाणी घरात येईल. त्यांच्या अनुभवाला मान देऊनही मी सांगतो, की दाराशी नाली असेल आणि जमिनीचा उतार मागच्या भिंतीच्या ट्रॅपकडे शंभरास एक इतका असेल, तर पाणी येत नाही. त्याहून जास्त उतार दिला तर अंघोळीची खुर्ची डगमगते. दोन पातळ्यांत अर्ध्या इंचापर्यंत फरक राहिला तर चालतो, पण त्याची कड तिरपी घासून घ्यावी.

फरशीची निवड दुकानात डोळ्यांनी करू नये. ओल्या जागेच्या टाइलच्या खोक्यावर आर-१०, आर-११ असे घर्षणाचे वर्ग लिहिलेले असतात. न्हाणीघरासाठी आर-११ मागावी आणि तरीही एक तुकडा घरी आणून, साबणाचे पाणी टाकून, अनवाणी पायाने घासून पाहावा. घोटलेला ग्रॅनाइट कोरडा असताना जितका देखणा असतो तितकाच ओला झाल्यावर घातक असतो, आणि आपल्याकडे तो ओला होणारच, कारण चार महिने कूलर चालतो. कूलरच्या टाकीत पाइपने पाणी भरताना सांडलेले पाणी, जाळीतून उडणारे तुषार, खिडकीच्या कडेने आत झिरपलेली ओल, हे सगळे पलंगाशेजारच्या फरशीवर येते. आपल्या घरात जुनी शहाबादी फरशी आहे असे आपण लिहिले आहे. ती हलत नसेल तर तिला हात लावू नये. फक्त सांधे भरून घ्यावेत. तिच्याइतकी पायाला धरणारी फरशी आज त्या किमतीत मिळणे कठीण आहे.

कूलरचा विषय निघाला म्हणून विजेचेही येथेच सांगतो. कूलर, गिझर आणि न्हाणीघरातील सर्व जोडण्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारे बटण, असलेच पाहिजे आणि अर्थिंग तपासून घेतले पाहिजे. ओल्या जमिनीवर, धातूच्या दांडीला धरून उभ्या असलेल्या वृद्ध माणसाला विजेचा साधा झटकाही पाडण्यास पुरेसा असतो. गिझरचे तापमान ४५ ते ५० अंशांच्या पुढे ठेवू नये. पक्षाघातानंतर दुर्बल बाजूच्या कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून वडिलांनी पाणी नेहमी उजव्या हाताने तपासण्याची सवय ठेवावी.

कमोडच्या उंचीबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे दोन माणसांच्या गरजा वेगळ्या आहेत. केंद्र शासनाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे आसनाची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे साधारण १८ ते १९ इंच सांगतात, तर बाजारातले साधे कमोड बहुधा १६ इंचांच्या आसपास असतात. म्हणून ठेकेदार कमोडखाली चौथरा बांधून देतो. वडील उंच आहेत, त्यांना ते सोयीचे होईल. पण आईच्या गुडघ्यामागची खोबण जमिनीपासून जेमतेम साडेपंधरा इंचांवर असेल, तर १९ इंचांच्या आसनावर तिचे पाय लोंबकळतील आणि पायांना आधार नसला की पोट साफ होण्यासही अडचण येते. माझा सल्ला असा, की कायमची उंची १७ इंच धरावी आणि वडिलांसाठी वर पक्की बसणारी, हलवता येणारी उंच सीट घ्यावी. चौथरा बांधलाच तर तो कमोडच्या तळाइतकाच असावा. त्याची पुढे आलेली कड पावलांना अडते आणि उठताना पाय मागे घेता येत नाहीत.

आधाराच्या दांडीबद्दल माझी एक चूक सांगतो. कामाच्या सुरुवातीच्या काळात धंतोलीतील एका घरी मी अत्यंत मजबूत दांडी बसवली होती आणि मला तिचा अभिमानही वाटला होता. आठ दिवसांनी त्या गृहस्थांच्या पत्नीने मला बोलावले. दांडी डावीकडे होती, कारण भिंत डावीकडे होती, आणि त्यांचा चालणारा हात उजवा होता. ते रोज त्या दांडीकडे पाहून पत्नीला हाक मारत होते. त्या दिवसापासून मी भिंत पाहण्याआधी हात पाहतो. आपल्या वडिलांसाठी दांडी उजवीकडेच हवी. तेथे भिंत नसेल, तर मागच्या भिंतीवरून येणारी, वर उचलून ठेवता येणारी दांडी बसवावी. आडवी दांडी आसनापासून सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे आठ इंच वर असावी आणि उठून उभे राहताना ओढून धरण्यासाठी पुढे एक उभी दांडी असावी. जेट स्प्रेही उजव्या हाताला घ्यावा. ही गोष्ट नळाचे काम झाल्यावर आठवते आणि मग पुन्हा टाइल फोडावी लागते.

दांडीची जाडी मुठीत मावेल अशी, सव्वा ते दीड इंच असावी आणि भिंतीपासून तिचे अंतर दोन इंचांच्या आसपास असावे. त्याहून जास्त ठेवले तर घसरलेला हात मागे अडकतो. टॉवेल टांगायच्या दांडीवर माणसाचे वजन कधीही येऊ देऊ नये. खरा प्रश्न मात्र दांडीचा नसून भिंतीचा असतो. आपल्या घराच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या असतील, त्यांत लांब अँकर बोल्ट उत्तम धरतात. न्हाणीघर आणि संडास यांच्या मधली भिंत साडेचार इंची असण्याची शक्यता आहे. तिच्यात आरपार बोल्ट घेऊन पलीकडून पोलादी पट्टी लावावी. टाइलवर बोटाने ठोकून पाहावे आणि पोकळ आवाज आल्यास तेथे दांडी बसवू नये. बसवून झाल्यावर मी स्वतः तिला पूर्ण वजनाने लोंबकळून पाहतो आणि तसे केल्याशिवाय घरच्यांना ती वापरू देत नाही.

न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे करून घ्यावे. आत पडलेल्या माणसाचे शरीर दाराला अडते आणि आत उघडणारे दार मग कोणालाही उघडता येत नाही. अशा वेळी दार फोडण्यात गेलेली मिनिटे मी पाहिली आहेत. आतली कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशा प्रकारची लावावी. एक साधी बिनतारी घंटा जमिनीपासून फूटभर उंचीवर, पाणी लागणार नाही अशी बसवावी, म्हणजे खाली पडलेल्या माणसाचाही हात तेथे पोचेल. फ्लश, बादली, साबण हे सगळे बसल्या जागी हाताशी असावे. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड आणि पांढरी जमीन हे आपल्याकडे स्वच्छतेचे लक्षण मानले जाते, पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला त्यांत आसनाची कड दिसत नाही. मागच्या भिंतीला किंवा सीटला गडद रंग दिला, तर विशेष खर्च न येता हे सुधारते.

उंबरठ्याविषयी आपण काही लिहिले नाही, पण जुन्या घरात तो असणारच. बहुतेक घरांत आईचा जीव त्यात असतो, कारण त्याची पूजा होते, त्यावर हळद-कुंकू वाहिले जाते, आणि तो उपटून टाका असे सांगणारा माणूस तिला आपला वाटत नाही. मी तसे सांगत नाही. लाकडी उंबरठा काढून त्याच जागी जमिनीच्या पातळीत पितळेची किंवा काळ्या दगडाची पट्टी बसवतो, जी जेमतेम अर्धा इंच वर राहते आणि दोन्हीकडे उतरती असते. पूजा तशीच चालू राहते. देवघरासमोर पाटावर बसणे आईला आता जमत नसेल, तर देव उंच फळीवर घेण्याआधी तिला विचारावे. काहींना खुर्ची चालते, काहींना देवांची जागा हलवलेली चालत नाही. स्वयंपाकघरात रोजची भांडी गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली आणून ठेवावीत व ओट्याजवळ पाठ टेकता येईल असे उंच स्टूल द्यावे. त्यापलीकडे तेथे सध्या काही तोडफोड करण्याची गरज मला दिसत नाही.

आता रॅम्प. चढ बारास एक, म्हणजे एक इंच उंचीसाठी बारा इंच लांबी हे किमान प्रमाण आहे. आपल्या २७ इंचांच्या जोत्यासाठी २७ फूट उतार लागतो आणि वर-खाली प्रत्येकी पाच फुटांची सपाट जागा लागते. समोरचे अंगण दहा फुटांचे आहे. ठेकेदार जे सुचवत आहे तो स्कूटर चढवायचा उतार आहे, तीनास एक किंवा चारास एक. त्यावरून व्हीलचेअर वर ढकलताना ढकलणारा थकतो आणि खाली आणताना दोघेही जातात. शिवाय काठीने चालणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णाला आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला लांब उतारापेक्षा बुटक्या पायऱ्या बऱ्याचदा सोप्या जातात, कारण उतारावर घोटा वाकवावा लागतो आणि नेमका तोच वाकत नाही.

म्हणून समोरच्या चार ओबडधोबड पायऱ्या काढून तेथे प्रत्येकी साडेपाच इंचांच्या आतली उंची येईल अशा पाच सारख्या पायऱ्या कराव्यात. पायरीची रुंदी किमान १२ इंच असावी, कारण चढताना सबळ पाय आधी आणि उतरताना दुर्बल पाय आधी टाकून वडील प्रत्येक पायरीवर दोन्ही पावले आणि काठी एकत्र आणतात. कठडा दोन्ही बाजूंना हवा. एकाच बाजूला असेल, तर चढताना उजव्या हाताला येणारा कठडा उतरताना डाव्या, न चालणाऱ्या हाताकडे जातो. तो पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर वाढवावा. आपले घर पश्चिमाभिमुख असल्याने आणखी एक काळजी घ्यावी: मे महिन्यातील ४४-४५ अंशांच्या दुपारी स्टीलचा कठडा हाताला चटका देतो आणि माणूस नेमका पायरीच्या मध्यावर हात सोडतो. लाकडी मूठ किंवा पीव्हीसीचे आवरण असलेला पाइप घ्यावा.

व्हीलचेअरसाठी खरा रॅम्प घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून काढता येईल, तेथे आपण पाच फूट रुंदी आणि छत्तीस-सदतीस फूट लांबी सांगितली आहे. चार फूट रुंदीचा उतार तेथे बसतो. परंतु त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. त्या पट्ट्यात सांडपाण्याची चेंबर्स असतील तर त्यांवर भराव टाकू नये; तेथे उचलता येणाऱ्या फरश्या ठेवाव्यात. भराव घराच्या भिंतीला थेट भिडला तर आत ओल येते, म्हणून भिंतीला जलरोधक गिलावा करून घ्यावा. आणि कूलरचे स्टँड त्याच बाजूला बाहेर आलेले असतील, तर रॅम्पमुळे जमीन वर आल्यावर ते खुर्चीतल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येतील. ते आधी हलवावे लागतील. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा टाकलेला रॅम्प दोन वर्षांत घरापासून सुटतो आणि सांध्यात दोन बोटांची फट पडते, जिच्यात खुर्चीची पुढची लहान चाके अडकतात. काळी माती दोन-अडीच फूट काढून मुरूम थरांनी कुटून भरावा, आणि मगच वरचे काम करावे. सिमेंटचा रस्ता झाल्यापासून आपले अंगण रस्त्याच्या खाली गेले असेल, तर पावसाचे पाणी रॅम्पच्या पायथ्याशी साचणार नाही याची वाट आधी काढावी.

दारांची मापे घेताना चौकट मोजू नये, दार उघडल्यावर उरणारी मोकळी जागा मोजावी. मानकानुसार ती ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३५ इंच असावी. जुन्या घरात आतली दारे अडीच फुटांची असतात आणि पाखा उघडल्यावर २८ इंच उरतात. आपली खुर्ची २५ इंचांची असेल, तर हाताची बोटे सोलवटण्याइतपतच जागा राहते. चौकट फोडण्याआधी बाहेर फिरणारी बिजागरी लावून पाहावी. तिने दीड-दोन इंच मिळतात. भिंतीचे काम करावेच लागले, तर भार वाहणारी भिंत आणि दारावरची आडवी तुळई (लिंटेल) अभियंत्याला दाखवल्याशिवाय हात लावू नये.

वडिलांचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) अजून काढले नसेल तर काढावे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानतो, आणि पक्षाघातामुळे हालचालीवर आलेली मर्यादा त्यात बसू शकते. ४० टक्के किंवा अधिक प्रमाण ठरल्यास अनेक सवलतींचा मार्ग उघडतो. घराचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील व्यक्तीला साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. काठी किंवा कमोड खुर्ची त्यात येते. व्यवसायोपचार तज्ज्ञांकडून वडिलांची एकदा तपासणी अवश्य करून घ्यावी. मी भिंत आणि पायरी पाहतो, हात किती वर उचलला जातो आणि पुढच्या सहा महिन्यांत तो किती सुधारेल हे ते पाहतात, आणि त्यांच्या अहवालानंतर मी दांड्यांच्या जागा अनेकदा बदलल्या आहेत.

कामाचा क्रम असा ठेवावा. पलंग, दिवे, आरसीसीबी आणि व्हरांड्यातील तात्पुरता कठडा याच आठवड्यात करावेत. त्यासाठी तोडफोड लागत नाही. न्हाणीघराचे काम दहा ते बारा दिवसांचे आहे. त्या काळात वडिलांच्या खोलीत पडदा लावून कमोड खुर्चीची सोय करावी आणि काम सुरू होण्याच्या चार दिवस आधीपासून ती वापरायला लावावी, कारण अनोळखी खुर्चीवर पहिल्याच रात्री एकट्याने बसणे कोणालाच सोपे नसते. पायऱ्या त्यानंतर घ्याव्यात आणि बाजूचा रॅम्प सर्वांत शेवटी, पण मृगाच्या आधी पुरा होईल अशा बेताने. हे काम एप्रिल-मेमध्ये आले, तर कोब्यावर ओले गोणपाट अंथरून किमान दहा दिवस, दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारावे लागेल. आपल्याकडच्या उन्हात सकाळी मारलेले पाणी अकरा वाजेपर्यंतही टिकत नाही, आणि ठेकेदाराचा माणूस दुपारी येत नाही, तेव्हा हे काम घरातल्याच कोणीतरी अंगावर घ्यावे.